जिवाणूंना न मारता त्यांची रोग निर्माण करण्याची शक्ती काढून घेता येते का?

दांडियाबाजारकर (वडोदरा)

नमस्कार. रोगकारक जिवाणूला ठार न करता केवळ त्याची रोग निर्माण करण्याची क्षमता काढून घेणारी औषधे खरोखर शक्य आहेत का, आणि शक्य असतील तर ती आजवर दुकानात का आली नाहीत, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रश्नाचे निमित्त असे की माझी भाची येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि तिने मला आपल्या प्रयोगातील एका डिशचे छायाचित्र दाखवले. डिशभर जांभळ्या जिवाणूंचा दाट थर होता, मध्यभागी लवंगेच्या अर्कात भिजवलेली कागदी चकती होती आणि चकतीभोवती पांढुरके वलय होते. पाहणाऱ्याला वाटते की तेवढ्या भागातले जिवाणू मेले. परंतु तिचे म्हणणे असे की वलयातही ते तितकेच दाट वाढले आहेत, फक्त त्यांनी रंग तयार करणे सोडून दिले आहे. रंगावर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेसारखीच यंत्रणा इतर जिवाणूंमध्ये विषनिर्मितीवर नियंत्रण ठेवते, आणि जिवाणू मारला जातच नसल्यामुळे औषधाला दाद न देणारे जिवाणू निर्माण होण्याचे कारण उरत नाही, असेही ती म्हणते.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे रेणूंची भाषा मला परकी नाही. मात्र शेवटचे विधान मला फारच सोयीचे वाटते. जाणकारांनी सविस्तर लिहावे. सोपे करण्याच्या नादात मजकूर पातळ करू नये, ही विनंती.

निवृत्त_प्राध्यापक (वडोदरा)

ताई, आधी त्या डिशविषयी लिहितो, कारण असे प्रकल्प आपल्याकडील अनेक विद्यापीठांत होतात आणि त्यांतून काय सिद्ध होते व काय होत नाही, याची गल्लत नेहमी होते.

तो जिवाणू बहुधा क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम असणार. तो माती व पाण्यात राहतो आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून व्हायोलासीन नावाचे जांभळे रंगद्रव्य बनवतो. प्रत्येक पेशी लॅक्टोन वलयाला मेदाम्लाची शेपटी जोडलेला एक लहानसा रेणू बाहेर सोडत असते. पेशी विरळ असतील तर तो रेणू आसपास विरून जातो. गर्दी वाढली की त्याची संहती एका मर्यादेपलीकडे जाते, तो पेशीतील ग्राही प्रथिनाला चिकटतो आणि ठरावीक जनुके एकदम चालू होतात. हेच क्वोरम सेन्सिंग. समुद्री जिवाणूंचा प्रकाश गर्दी झाल्यावरच का पडतो याचा शोध घेताना नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये ही गोष्ट प्रथम नीट मांडली. भाजलेल्या जखमांत आणि व्हेंटिलेटरवरील रुग्णांच्या फुप्फुसांत उपद्रव करणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा याच जातीच्या रेणूंच्या आधारे ऊती विरघळवणारे इलास्टेज हे विकर आणि पायोसायनिन हे हिरवट निळे रंगद्रव्य बनवू लागतो. यामागचा हिशेब सरळ आहे. मोजक्या पेशींनी घाईने विष सोडले तर यजमानाचे काही बिघडत नाही, उलट त्याची रोगप्रतिकारक यंत्रणा सावध होते. पुरेशी संख्या जमेपर्यंत गप्प राहणे जिवाणूला परवडते.

आता त्या पांढुरक्या वलयाचे किमान तीन अर्थ निघू शकतात. अर्काने खरोखर संदेशाचा रेणू किंवा त्याचा ग्राही अडवला असेल; किंवा अर्क थोडासा विषारी असल्यामुळे वाढ मंदावली असेल आणि अशा वेळी रंगद्रव्यासारखा जादा खर्च जिवाणू सर्वांत आधी बंद करतो; किंवा ट्रिप्टोफॅनपासून रंग बनवणारे एखादे विकरच बंद पडले असेल, ज्याचा संदेशाशी संबंध नाही. हे वेगळे करण्यासाठी सीव्ही०२६ हा उत्परिवर्ती वाण वापरतात. तो स्वतः संदेश बनवू शकत नाही, परंतु बाहेरून दिला तर रंग देतो. वलयातील भाग खरवडून जिवंत पेशींची मोजणी करणे तर अनिवार्यच आहे, आणि दुर्दैवाने कित्येक प्रबंधांत नेमकी तीच केलेली नसते. शिवाय चकतीभोवती अर्काची जी संहती असते ती रक्तात गाठणे ही निराळीच गोष्ट आहे. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत जे जे करून दाखवते ते गिळल्यावर का दाखवत नाही, याचे मोठे कारण ते आतड्यातून फारसे शोषलेच जात नाही, हे आहे.

जिवाणू रोग कसा घडवतो याकडे वळतो. त्याला योग्य जागी पोहोचावे लागते, तिथे चिकटून राहावे लागते, यजमानाने प्रथिनांत बांधून ठेवलेले लोह हिसकावून घ्यावे लागते आणि पांढऱ्या पेशींना चुकवावे लागते. एखादे जनुक रोगकारक आहे असे केव्हा म्हणावे, याचे निकष स्टॅन्ले फॉल्को यांनी १९८८ मध्ये मांडले: ते जनुक निकामी केले की रोग सौम्य झाला पाहिजे आणि परत घातले की पुन्हा तीव्र झाला पाहिजे. जिवाणूची शक्ती काढून घेणाऱ्या औषधाचे लक्ष्य निवडतानाही हीच कसोटी वापरावी लागते.

दोन उदाहरणे घेतो. कॉलऱ्याच्या जिवाणूंपैकी बहुतेक जठरातील आम्लातच मरतात, म्हणून निरोगी माणसाला आजारी पाडण्यासाठी ते कोट्यवधींच्या संख्येने पोटात जावे लागतात. आम्ल कमी असेल तर फार कमी पुरतात. लहान आतड्यात पोहोचल्यावर ते एका विशिष्ट केसर-प्रथिनाने (केसर म्हणजे जिवाणूच्या पृष्ठभागावरील केसासारखे तंतू) चिकटून वसाहत करतात आणि विष सोडतात. त्या विषाच्या पाच उपघटकांचे कडे आतड्याच्या पेशीवरील जीएम१ या शर्करायुक्त मेदाला धरते, सहावा उपघटक पेशीत शिरतो आणि तेथील एक नियामक प्रथिन कायमचे चालू ठेवतो. चक्रीय एएमपी हा पेशीतील निरोप्या रेणू वाढतो, क्लोराइड बाहेर पडत राहते आणि त्यामागे पाणी जाते. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत. जिवाणू आतड्याच्या भिंतीत शिरत नाही, रक्तात जात नाही. सगळा अनर्थ त्या एका प्रथिनाचा. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी असे विष असावे असा अंदाज केला होता, परंतु ते दाखवले कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी, १९५९ मध्ये, जिवाणू गाळून काढलेला द्रव सशाच्या बांधलेल्या आतड्यात घालून. नोबेलविना राहिलेल्या कामांच्या यादीत मी तरी हे काम फार वर धरतो. विषाचे जनुक मुळात जिवाणूचे नसून त्याला संसर्ग करणाऱ्या विषाणूने आणलेले आहे, हे १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी दाखवले.

दुसरे उदाहरण प्लेगचे. १९९४ ची सुरतेची साथ इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. पिसवेच्या शरीरात सुमारे २६ अंश तापमानाला राहणारा हा जिवाणू माणसाच्या ३७ अंशांत आला की दोन बदल करतो. एक म्हणजे इंजेक्शनच्या सुईसारखी प्रथिनांची नळी उभारून तो गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशीत थेट आपली प्रथिने सोडतो आणि तिला लुळी करतो. दुसरा बदल मला अधिक विलक्षण वाटतो: तो आपल्या बाह्य आवरणातील मेदरेणूच्या शेपट्या कमी करतो, त्यामुळे ज्या ग्राहीने आपले शरीर अशा जिवाणूंना ओळखते तो ग्राही जवळजवळ उत्तेजितच होत नाही. सुईची हीच यंत्रणा साल्मोनेला आणि शिगेला यांच्याकडेही आहे, म्हणून तिला अडवणारे रेणू शोधण्यामागे अनेक प्रयोगशाळा आहेत.

मात्र एका जिवाणूत जे खरे ते दुसऱ्यात उलटे असू शकते. स्यूडोमोनासमध्ये गर्दी झाली की आक्रमकता वाढते. कॉलऱ्याच्या जिवाणूत गर्दी झाली की चिकटणे आणि विष दोन्ही बंद होतात, कारण तोपर्यंत त्याचे काम झालेले असते आणि त्याला बाहेर पडायचे असते. तेव्हा कॉलऱ्यात क्वोरम सेन्सिंग बंद पाडणे म्हणजे रोग वाढवणे. उलट २०१० मध्ये डुआन आणि मार्च यांनी निरुपद्रवी ई. कोलायला कॉलऱ्याचा गर्दीचा संदेश बनवायला लावून तो उंदरांच्या पिल्लांना आधी पाजला, तेव्हा कॉलऱ्याचे जिवाणू दिल्यावरही जगणाऱ्या पिल्लांचे प्रमाण खूप वाढले. सर्व जिवाणूंना लागू पडणारे एकच संदेशरोधक औषध मिळेल, ही आशा मी ठेवत नाही.

फिजिशियन_बडोदा

सरांनी प्रयोगशाळेची बाजू लिहिली आहे, मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. ताईंच्या प्रश्नात एक गृहीतक आहे की अशी औषधे दुकानात आलेली नाहीत. वास्तविक प्रतिजैविकांच्या कितीतरी आधी वैद्यकाने हाच मार्ग धरला होता. घटसर्पात घशातील जिवाणू मुख्यतः घशातच राहतो आणि त्याचे विष हृदय व मज्जातंतूंना निकामी करते, हे रू आणि येर्सिन यांनी १८८८ मध्ये दाखवले. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्प यांवरील प्रतिविषाचे तत्त्व सिद्ध केले, आणि वैद्यकाचे पहिले नोबेल १९०१ मध्ये बेहरिंग यांना मिळाले ते याच कामासाठी. प्रतिविष जिवाणूला हातही लावत नाही. आजही घटसर्पाचा दाट संशय असेल तर तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता ते द्यावे लागते, कारण पेशीत शिरलेले विष त्याच्या आवाक्याबाहेर जाते आणि प्रत्येक तास महागात पडतो. आपल्या मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी दिली जाणारी टीडी (धनुर्वात-घटसर्प) लसही जिवाणूविरुद्ध नसून दोन विषांविरुद्ध आहे. लस घेतलेल्या मुलाच्या घशात घटसर्पाचा जिवाणू राहू शकतो. त्याने मूल आजारी पडत नाही, एवढेच.

रोजच्या व्यवहारातही हा विचार येतो. स्ट्रेप्टोकोकसमुळे होणाऱ्या टॉक्सिक शॉकमध्ये पेनिसिलिनच्या जोडीला आम्ही क्लिंडामायसिन देतो, त्याचे एक प्रमुख कारण असे की ते जिवाणूच्या रायबोसोमवर काम करून विषाची निर्मितीच थांबवते. याच्या नेमके उलट चित्र शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायच्या रक्ती जुलाबांत दिसते: तिथे विषाचे जनुक जिवाणूत दडलेल्या विषाणूवर असते, काही प्रतिजैविकांनी जिवाणूच्या डीएनएला इजा झाली की तो विषाणू जागा होतो आणि विष अधिक प्रमाणात बाहेर पडते. म्हणून असा संसर्ग ठरल्यावर प्रतिजैविके टाळण्याचा सल्ला दिला जातो. मारणे आणि बरे करणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी याच रोगावरून सांगतो. रक्ती जुलाब झाले की घरातली उरलेली गोळी स्वतःच घेण्याची आपल्याकडची सवय त्यामुळे मला विशेष खटकते.

अलीकडच्या औषधांपैकी बेझ्लोटॉक्सुमॅबचा उल्लेख करायला हवा. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या बी विषाला बांधणारे हे प्रतिद्रव्य अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाले. प्रतिजैविकांबरोबर दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. औषध काम करत होते, तरीही २०२५ च्या जानेवारीत त्याची विक्री बंद करण्यात आली. परिणाम दाखवणारे औषधही बाजारात टिकेलच असे नाही.

दांडियाबाजारकर (वडोदरा)

सर, डॉक्टरसाहेब, दोघांचे मनापासून आभार. दोन उपप्रश्न आहेत. मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या माझ्या वहिनींना कोणी तरी डी-मॅनोजची पूड सुचवली आहे आणि तिच्या पाकिटावर "जिवाणूंना चिकटू देत नाही" असे लिहिले आहे. हे त्याच तत्त्वावरचे आहे काय? दुसरे, मूळ शंका तशीच राहिली. विषामुळे जिवाणूला काही लाभ होत असेल, तर विष अडवणाऱ्या औषधावर मात करणाऱ्या जिवाणूलाही लाभ होईलच. मग औषधाला दाद न देणारे जिवाणू निर्माण होत नाहीत, असे कसे म्हणता येईल?

फिजिशियन_बडोदा

मॅनोजविषयी थोडक्यात. तत्त्व तेच आहे आणि ते खरेही आहे. मूत्रमार्गातील ई. कोलायच्या केसरांच्या टोकाला फिमएच हे प्रथिन असते, ते मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोजला धरते, आणि मोकळे मॅनोज भरपूर असेल तर त्यालाच धरून लघवीवाटे निघून जाईल, अशी कल्पना. परंतु ब्रिटनमध्ये ५९८ स्त्रियांना सहा महिने रोज मॅनोज किंवा त्यासारखी दिसणारी दुसरी पूड देऊन केलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत पुन्हा संसर्ग झाल्याच्या तक्रारीने डॉक्टरांकडे जाणाऱ्यांचे प्रमाण ५१ विरुद्ध ५५.७ टक्के, म्हणजे व्यवहारात सारखेच निघाले. प्रयोगशाळेत मॅनोजपेक्षा कितीतरी घट्ट धरणारे रेणू बनवले गेले आहेत. त्यांची गोष्ट वेगळी. वहिनींनी पूड घेतली तर अपाय होण्याची शक्यता कमी आहे (मधुमेह असेल तर आधी विचारावे), मात्र लघवीचे कल्चर करून घेण्याला ती पर्याय नाही.

मकरपुरा_क्यूसी

मी येथील एका औषध कारखान्यात सूक्ष्मजीव तपासणी विभागात काम करतो, आणि पदव्युत्तर प्रबंध याच विषयावर केला होता. ताईंचा तर्क बरोबर आहे, फक्त त्यात एक प्रश्न जोडावा लागतो: लाभ नेमका कोणाला होतो?

इलास्टेजसारखे विकर पेशीच्या बाहेर काम करते. एका जिवाणूने ते बनवले तर विरघळलेले अन्न शेजारचे सगळे खातात, आणि खर्च मात्र बनवणाऱ्याचा. अशा ठिकाणी औषधावर मात करणारा एखादा उत्परिवर्ती निर्माण झाला तरी तो दुसऱ्यांसाठीच राबतो, त्यामुळे त्याची संख्या सहज वाढत नाही. दाद न देणारे जिवाणू सावकाश पसरतील, ही अपेक्षा येथून आली आहे आणि तेवढ्यापुरती ती योग्य आहे. परंतु लाभ ज्याचा त्याला होऊ लागला की चित्र बदलते. २०१२ मध्ये माएदा आणि सहकाऱ्यांनी स्यूडोमोनासला अन्न म्हणून केवळ अ‍ॅडिनोसिन दिले. ते पचवणारे विकर पेशीच्या आतच राहते आणि क्वोरम सेन्सिंगच्या ताब्यात असते. वर त्यांनी ब्रोमिनयुक्त फ्युरानोन हा संदेशरोधक घातला. थोड्याच काळात असे उत्परिवर्ती निघाले ज्यांनी औषध बाहेर फेकणारे पंप वाढवले होते, आणि तसेच बदल रुग्णांकडून मिळालेल्या वाणांतही सापडले. फ्युरानोनचे मूळ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील डेलिसिया पुल्क्रा या लाल शैवालात आहे आणि या क्षेत्रातले ते सर्वांत गाजलेले उदाहरण आहे, म्हणून या निकालाचे महत्त्व अधिक.

कॉलऱ्यातील व्हर्स्टॅटिनची गोष्टही तशीच. २००५ मध्ये सापडलेला हा रेणू विष आणि चिकटण्याचे केसर या दोहोंची जनुके चालू करणाऱ्या टॉक्सटी या प्रथिनाला अडवतो आणि त्याने उंदरांच्या पिल्लांत जिवाणूची वसाहत रोखली. पण त्याच शोधनिबंधात टॉक्सटीमधील एका अमिनो आम्लाचा बदल औषध निष्प्रभ करण्यास पुरतो, हेही दाखवले होते.

याहून अनपेक्षित निकाल २०१० चा आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णांना अझिथ्रोमायसिन दिले गेले. ते स्यूडोमोनासला सहसा मारत नाही, मात्र त्याचे क्वोरम सेन्सिंग मंदावते. औषध न मिळालेल्या रुग्णांत काही दिवसांनी संदेश न ऐकणारे, स्वतः विकर न बनवता दुसऱ्यांचे खाणारे उत्परिवर्ती वाढत गेले, आणि हे उत्परिवर्ती कमी रोगकारक असतात. औषध मिळालेल्यांत मात्र कोणीच फारसे विकर बनवत नसल्यामुळे फुकट्यांचा फायदा संपला आणि मूळचे, पूर्ण क्षमतेचे जिवाणू टिकून राहिले. औषध चालू असेपर्यंत ते शांत असतील; बंद झाल्यावर शिल्लक कोण राहिले, हा प्रश्न उरतो. म्हणून भाचीचे ते विधान "दाद न देणारे जिवाणू कोणत्या परिस्थितीत सावकाश वाढतात" असे फिरवून लिहायला सांगा. परीक्षकांनाही ते आवडेल.

औषधे मागे का पडतात, याचे कारखान्याच्या बाजूचे कारण मोजमापाचे आहे. प्रतिजैविकाची ताकद आम्ही नळीतील गढूळपणा थांबवणाऱ्या किमान संहतीने मोजतो, आणि तपासणीची सारी व्यवस्था त्या आकड्याभोवती उभी आहे. येथे जिवाणू वाढतच राहणार, त्यामुळे तो आकडाच मिळत नाही. प्रत्येक लक्ष्यासाठी नवी कसोटी तयार करून ती मान्य करून घ्यावी लागते. त्याशिवाय असे औषध एकाच जातीच्या जिवाणूवर चालते, आणि कल्चरचा अहवाल हाती येईपर्यंत सहसा दोन-तीन दिवस जातात. तोवर विषाने बरेच नुकसान केलेले असते.

चाचणीत तर ही अडचण अधिकच बोचते. रुग्णाला केवळ नवे औषध देऊन चालत नाही, प्रतिजैविक द्यावेच लागते, त्यामुळे उरलेला छोटासा फरक दाखवायला पुष्कळ रुग्ण लागतात. स्टॅफिलोकोकसच्या अल्फा विषाविरुद्धच्या सुव्राटॉक्सुमॅब या प्रतिद्रव्याची युरोपातील अतिदक्षता विभागांत केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात प्रतिद्रव्य मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना आणि न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, परंतु एकूण रुग्ण १९६ च असल्यामुळे हा फरक योगायोगाचा नाही, असे संख्याशास्त्राच्या आधारे म्हणता आले नाही. आणि हे १९६ रुग्णसुद्धा असे निवडलेले होते की श्वासनलिकेतील नमुन्याची जलद तपासणी करून त्यांच्यात स्टॅफिलोकोकस आहे, याची आधीच खात्री करून घेतली होती.